पार्कच्या फाटकावर जमा केलेले पाकीट

१४ एप्रिल, सोमवार. सकाळी ७.१०

धूम्रपान सोडले.

नेमके लिहायचे तर सोडण्याचा निर्णय घेतला. अंमल उद्या सकाळी सहापासून. निर्णय आणि अंमल यांत फरक असतो. तो न कळल्यामुळे कारखान्यांत अपघात होतात.

कारण नोंदवून ठेवतो. काल किंजलचा फोन आला. जूनपासून तिची बदली वर्षभरासाठी सुरतेला होत आहे. जावई जहाजावर. भाविका नऊ वर्षांची. वर्षभर तिला एक तर माझ्याकडे बोईसरला ठेवायचे, नाहीतर डहाणूला तिच्या दुसऱ्या आजीकडे. तिला दमा आहे, पंप लागतो. किंजल म्हणाली, बाबा, घरात नाही, गॅलरीत नाही, आणि खाली जाऊन ओढून वर यायचे हेही नाही. तुमच्या शर्टाच्या वासानेसुद्धा तिला धाप लागते. जमणार असेल तर हो म्हणा, नसेल तर नाही म्हणा, मी रागावणार नाही. मी म्हटले, जमेल. ती म्हणाली, हे तुम्ही आईलाही म्हणायचात.

हा युक्तिवाद नव्हे. मुद्दा सोडून माणसावर घसरणे आहे. पण ती मुलगी आहे. सोडून दिले.

मूळ मुद्दा असा की मला व्यसन नाही. तारापूर एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यात मी एकतीस वर्षे सेफ्टी ऑफिसर होतो. आत जाताना काडेपेटी, लायटर, विडी, सिगारेट फाटकावर जमा करून पितळी टोकन घ्यायचे आणि सुटताना टोकन देऊन आपला माल परत घ्यायचा, हा नियम मी लागू केला आणि स्वतः पाळला. रोज आठ तास, एकही नाही. व्यसनी माणूस आठ तास राहू शकत नाही. मी राहिलो. म्हणून मी व्यसनी नाही. यात कुठे फट असेल तर मला तरी ती दिसत नाही.

सुटल्यावर फाटक ते बस एवढ्या अंतरात दोन ओढत असे. ते या विधानाच्या कक्षेबाहेर आहे.

पाकिटात सहा शिल्लक. आजच संपवतो. अर्धे पाकीट घरात ठेवणे म्हणजे ज्वलनशील माल उघड्यावर ठेवणे.

१५ एप्रिल. दुपारी ४.३०

सकाळी सहा ते दुपारी तीन पंचावन्न. नऊ तास पंचावन्न मिनिटे. कारखान्यातल्या विक्रमाहून जवळजवळ दोन तास अधिक. पहिल्याच दिवशी एवढे यश अपेक्षित नव्हते. शरीराला एकदम धक्का बसू नये म्हणून एक घेतली.

सायं. ७.००

चार.

१७ एप्रिल

सुटी सिगारेट विकायला राज्यात बंदी आहे. कोपऱ्यावरचा जिवल्या तरीही सुटी देतो. मी घेत नाही. ज्याने आयुष्यभर नियम लागू केले त्याने तो मोडणे शोभत नाही. त्यामुळे एकच ओढायची असली तरी दहांचे पाकीट घ्यावे लागते. उरलेल्या नवांची जबाबदारी कायदा करणाऱ्यांवर येते.

जिवल्या दांडीचा, मच्छीमारांच्या गावचा. बोटीवर जायचे सोडून त्याने टपरी टाकली, पण आवाज अजून बोटीवरचाच आहे. चार लोकांत म्हणाला, सायेब, सोमवारी शेवटचा पाकीट म्हनून नेलात, मंगलवारी पन शेवटचाच नेलात. आज कंचा देऊ, शेवटचा का त्याच्या आदलाचा? लोक हसले. पाकीट देताना हळू म्हणाला, माई होती तवा तीच येऊन न्यायची. तुमाला तर टपरी कुठं हाय ते पन ठावं नव्हता.

हे खरे आहे. माई, म्हणजे किंजलची आई, पाकीट आणून बडीशेपेच्या पितळी डब्यात ठेवी आणि दिवसाला तीन देई, स्टोअरमधून माल काढून देतात तशी. सकाळी एक, जेवणानंतर एक, दिवे लावल्यावर एक. चौथी मागितली तर डबा हलवून म्हणे, संपल्या. संपलेल्या नसत. हे मला ठाऊक होते आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होते. व्यवस्था उत्तम चालली होती.

ती गेल्याला चौदा महिने झाले. डबा जागेवर आहे. त्यात आता फक्त बडीशेप.

२० एप्रिल, रविवार

भाविका दोन दिवसांसाठी आली. तिला निअर मिस शिकवले. अपघात होता होता टळला तर त्याची नोंद करायची; आज टळला तो उद्या टळेलच असे नाही. कारखान्यात फाटकाजवळ यासाठी पेटी असे. आम्ही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला वरून फट पाडली. चिठ्ठीचे रकाने ठरवून दिले: काय घडले, कुठे, कारण, दुखापत, उपाय. सर्वांत खाली कार्यवाही. तो रकाना ज्याच्या ताब्यात विभाग आहे त्याने चिठ्ठी हाती आल्यापासून सात दिवसांत भरायचा. म्हणजे मी.

तिला हेही सांगितले की काही मॅनेजर त्या रकान्यात ‘विचाराधीन’ असे लिहून पाठवत. ते कागद मी त्याच दिवशी परत करत असे. विचाराधीन ही कार्यवाही नव्हे; काही न करण्याचे ते सभ्य नाव आहे. भाविकाला पटले. म्हणाली, मम्मी पण ‘बघू’ म्हणते तेव्हा तसंच असतं. मुलगी हुशार आहे.

संध्याकाळी डब्यात दोन चिठ्ठ्या. पहिली: जिन्यात चप्पल पडली होती, मी घसरले असते. कार्यवाही: चप्पल उचलली. दुसरी: आजोबा दूध आणायला दोनदा गेले, दूध एकदाच आले. ही चिठ्ठी निअर मिसच्या व्याख्येत बसत नाही. बाद केली.

झोपण्याआधी तिने विचारले की आजोबा, तुम्ही खालून आलात की बडीशेप का खाता, जेवण तर झालेलं नसतं. निरीक्षण चांगले आहे. पचनाचे कारण दिले.

२४ एप्रिल

किंजलशी बोललो. ती म्हणाली, एक अख्खा दिवस भाविकाबरोबर राहून दाखवा, मग ठरवू. जागा मीच सुचवली. महामार्गावर मनोरच्या पुढे ते थीम पार्क आहे. पाण्याच्या घसरगुंड्या, लाटांचा तलाव, झुलते जहाज. वेबसाइटवर नियम वाचले. संपूर्ण परिसरात धूम्रपानास बंदी. आधी एक कोपरा राखून ठेवलेला होता, तोही या महिन्यापासून बंद. एकदा बाहेर पडल्यास पुनःप्रवेश नाही. सकाळी दहा ते सायंकाळी सहा. म्हणजे आठ तास. म्हणजे कारखान्याची एक शिफ्ट. हे मी एकतीस वर्षे केले आहे.

पार्कच्या व्यवस्थापनाला पत्र लिहिले. दोन्ही नियमांचे स्वागत केले. पुनःप्रवेशाच्या नियमाला कोणताही अपवाद ठेवू नये, विशेषतः ज्येष्ठ नागरिकांसाठी, कारण अपवाद मागण्यात तेच सर्वांत तरबेज असतात, असे अनुभवावरून कळवले. एक त्रुटीही दाखवली: फाटकावर काडेपेट्या-लायटर जमा करून टोकन देण्याची सोय दिसत नाही. ती त्वरित करावी. टोकन पितळी असावे, कागदी भिजते.

आज आठ. पत्राचे तीन मसुदे झाले, त्यामुळे.

२ मे

पार्कचे उत्तर आले. आपल्या पत्राबद्दल धन्यवाद, सोबत वाढदिवसाच्या पार्टीच्या पॅकेजची माहिती जोडली आहे. सूचना स्वीकारलेली दिसते.

६ मे

औषधांच्या दुकानातून निकोटिनचे च्युइंग गम आणले. तत्त्वतः योग्य उपाय. दुसऱ्या गोळीला कवळी चिकटली. वरची आणि खालची, एकमेकींना. पाऊण तास बोलता आले नाही. त्यात किंजलचा फोन आला. तिने तीनदा विचारले की बाबा, तोंडात काय आहे. ओढत नाही हे सांगायला तोंड उघडणे आवश्यक होते.

कवळी गरम पाण्यात ठेवली. तेवढ्या वेळात गॅलरीत उभा होतो. कवळीविना ओढता येते.

१२ मे, सोमवार. सायं. ६.००

उद्या पार्क. भाविका दुपारी आली. तयारी पूर्ण: टोपी, टॉवेल, पाण्याच्या बाटल्या, सुके कपडे. भाड्याने सांगितलेली भावेशची व्हॅन सकाळी साडेआठला येईल आणि संध्याकाळी न्यायला परत येईल.

शर्टाच्या डाव्या खिशातून पाकीट काढले आणि तेथे भाविकाचा पंप ठेवला. उंची जवळपास तीच. किंजलला फोनवर हे सांगितले. ती म्हणाली, बरं वाटलं, बाबा.

पाकीट पँटच्या खिशात. प्रवासापुरते.

१३ मे, मंगळवार. सायं. ७.४५

घटनाक्रम लिहितो. चौकशीत घटनाक्रम आधी लिहायचा असतो, मत नंतर.

९.३५. पार्कच्या पार्किंगमध्ये पोहोचलो. भाविका व्हॅनमध्ये असताना व्हॅनच्या मागे एक.

९.५५. फाटक. मी पाकीट आणि लायटर रखवालदारापुढे ठेवले आणि टोकन मागितले. तो म्हणाला, अंकल, यहाँ जमा नहीं होता, वो डस्टबिन है. मी म्हटले, माल माझा आहे, डस्टबिनमध्ये टाकायचा नाही. जमा करायचा आहे. मागे रांग वाढली. एक बाई म्हणाल्या, अहो काका, आम्हाला पोहायचंय की तुमचं ऐकायचंय. भाविकाने माझा हात ओढला. रखवालदाराने पाकीट आपल्या स्टुलाखाली ठेवले, तिकिटाच्या मागच्या बाजूला सात हा आकडा लिहून फाडून दिला आणि म्हणाला, लो अंकल, टोकन. आकडा का सात, हे विचारायचे राहिले. माझ्याखेरीज कोणीही जमा केले नव्हते.

१०.२०. भाविकाला हिरवी पाटी दाखवली: असेंब्ली पॉइंट २. सांगितले की चुकामूक झाली तर इकडेतिकडे शोधत फिरायचे नाही. या पाटीखाली येऊन उभे राहायचे आणि हलायचे नाही. दुसरा माणूस तेथे येतो. नियम तोच आहे म्हणून येतो. तिने पाटीवर हात लावून पाहिला. फोन आणि पैशांचे पाकीट लॉकरमध्ये ठेवले.

१०.३० ते १२.५०. काही नाही. भाविका घसरगुंडीवरून नऊदा आली. प्रत्येक वेळी खाली पोहोचली की मी पाहतो आहे का हे पाहत होती. पाहत होतो.

१२.५०. जमा केलेला माल सुरक्षित आहे का, हे अधूनमधून तपासणे हे जमा करणाऱ्याचे कर्तव्य आहे. स्टूल उन्हात होते. लायटरमध्ये गॅस असतो. भाविकाला सांगितले की पाच मिनिटांत आलो, तोवर लहान तलावातच राहा. ती म्हणाली, कुठे जाताय. मी म्हटले, लॉकरकडे. 

१.०५. फाटक. स्टूल फिरत्या दांड्यांच्या पलीकडे, म्हणजे बाहेरच्या बाजूला. रखवालदार म्हणाला, अंकल, अंदर नहीं दे सकता, रूल है. बरोबर आहे. बाहेर गेलो. टोकन दिले. त्याने पाकीट दिले. टोकन पद्धत निर्दोष चालते हे सिद्ध झाले. भिंतीपाशी एक.

१.१५. परत आलो. मनगटावरचा पट्टा यंत्राला दाखवला. लाल दिवा. रखवालदार म्हणाला, मशीन नहीं मानती, अंकल, एक बार बाहर तो बाहर. मी ज्येष्ठ नागरिक असल्याचे सांगितले. तो म्हणाला, बोर्ड पे लिखा है, सीनियर को भी नहीं. खरोखरच लिहिले होते. माझ्या पत्रानंतर लिहिले की आधीपासून होते, हे कळायला मार्ग नाही. सुपरवायझर जेवायला गेला होता. पैसे लॉकरमध्ये. फोन लॉकरमध्ये.

१.१५ ते १.५५. उभा होतो. डोके स्थिर राहावे म्हणून दोन. दुसरी अर्धी झाली असताना लाउडस्पीकरवर घोषणा झाली. बोईसरहून आलेले आजोबा दिनानाथ सावे हरवले आहेत, ते जिथे असतील तिथून त्यांनी असेंब्ली पॉइंट दोनजवळ यावे, त्यांची नात वाट पाहते आहे, तिला धाप लागली आहे, तिचा पंप त्यांच्याजवळ आहे.

पंप माझ्या खिशात होता. हे मला घोषणेत सांगितले म्हणून कळले.

पंप रखवालदाराच्या हातात दिला. तो फाटक सोडून धावत गेला. फाटक सोडणे हे ड्यूटीचे गंभीर उल्लंघन आहे. मी तक्रार करणार नाही. त्यानंतर चार-पाच मिनिटे फाटकावर कोणीही नव्हते. बाजूचे लहान दार नुसते लोटलेले होते. आत जाता आले असते. पुनःप्रवेश नाही हा नियम आहे. शिवाय हातातली संपली नव्हती आणि ती आत नेता येत नाही.

२.३०. प्रथमोपचारवाल्या बाई भाविकाला फाटकाबाहेर घेऊन आल्या. अंगाभोवती टॉवेल. धाप उतरली होती. लॉकरमधले सामानही आणून दिले. त्या म्हणाल्या, मुलगी पाटीखालून हलेना, सावलीत चल म्हटलं तरी हलेना, म्हणे आजोबा इथेच येणार. आईचा नंबर पाठ होता म्हणून बरं. भाविका म्हणाली, आजोबा, मी असेंब्ली पॉइंट सोडला नाही. मी म्हटले, शाबास.

भावेशला फोन करून लवकर बोलावले. परतताना ती त्याच्या शेजारी पुढे बसली. काच खाली केली.

किंजल आमच्या आधीच बोईसरला पोहोचली होती. भाविकाच्या छातीला कान लावून पाहिला. मग सामान भरायला घेतले. ती भरत असताना भाविका टेबलाशी बसून काही लिहीत होती, बहुधा सुट्टीतला अभ्यास. निघताना किंजलने माईचा डबा उघडला, वास घेतला, झाकण लावले आणि जागेवर ठेवला. मग म्हणाली, रागावणार नाही म्हटलं होतं ना, बाबा. नाही रागावले.

निष्कर्ष: दुखापत नाही. म्हणून हा अपघात नव्हे, निअर मिस.

१४ मे

काही नाही.

१५ मे

काही नाही. पाकीट एक.

१ जून, रविवार

किंजल सुरतेला गेली. भाविका डहाणूला. तिच्या गुलाबी चपला दाराशी राहिल्या आहेत. पाठवायच्या आहेत.

पुन्हा विचार करता परिस्थिती अनुकूल आहे. आतापर्यंत सोडण्यामागे अट होती, म्हणजे दबाव होता. दबावाखालचा निर्णय खरा नसतो. आता अट उरली नाही. आता सोडीन ते निव्वळ स्वेच्छेने, आणि म्हणून टिकणारे असेल. उद्या सकाळी सहापासून.

३ जून

जिवल्याने न मागता पाकीट पुढे केले. म्हणाला, पोर कवा येनार? मी म्हटले, सध्या डहाणूला आहे. शेवटचा का आदलाचा, हे त्याने विचारले नाही. मी थोडा वेळ थांबून पाहिले.

९ जून, सोमवार

काडेपेटी शोधताना बिस्किटांचा डबा उघडला. आत एक चिठ्ठी. तारीख १३ मे. रेघा पट्टीने मारलेल्या, रकाने बरोबर.

काय घडले: आजोबा हरवले.
कुठे: पार्कमध्ये.
कारण: बडीशेप.
दुखापत: थोडी.
उपाय: पंप मी माझ्याकडे ठेवणे. आजोबांना असेंब्ली पॉइंट परत शिकवणे, कारण ते आले नाहीत.

कार्यवाहीचा रकाना मोकळा ठेवला आहे. त्याखाली पेन्सिलीने लहान अक्षरात: सात दिवस.

मराठीत एकही चूक नाही. बाद करण्यासारखे काही सापडले नाही. दुखापतीच्या रकान्याबद्दल मतभेद आहे. पण ज्याला झाली त्याचे म्हणणे ग्राह्य धरतात.

१६ जून, सोमवार. सकाळी १०.३०

डहाणूला आज तिची शाळा सुरू झाली. चिठ्ठी हाती आल्यापासून आज सातवा दिवस.

पेन घेऊन गॅलरीत बसलो. ‘धूम्रपान सोडले’ असे लिहिता आले असते. पण नोंदवहीत खोटे लिहिणाऱ्याला मी एकदा नोकरीवरून काढायला लावले होते. ‘सोडणार’ असे लिहिले तर तारीख द्यावी लागते. ‘सोडता येत नाही’ असा रकाना नाही. दोन झाल्या. तिसरी पेटवली तेव्हा राख चिठ्ठीवर पडली. फुंकून टाकली. ‘थोडी’वर करडा डाग राहिला.

लिहिले: विचाराधीन. सही केली. तारीख घातली.

परत पाठवायला या विभागात आता कोणी नाही. डब्यात ठेवून दिली.